औषधांना दाद न देणारे परजीवी आणि वनस्पतींचे अर्क: चाचणी नेमकी कशी करायची

‘अर्क टाकला आणि परजीवी मेले’ एवढ्यावर अनेक प्रयोग थांबतात. पण पुरेसा घट्ट अर्क टाकला, तर परजीवी कशानेही मरतात. वनस्पतीतलं टॅनिन (तुरट द्रव्य) प्रथिनांना चिकटून त्यांना मारतं, सॅपोनिन (साबणासारखं फेसाळणारं द्रव्य) पेशींची आवरणं फोडतं, ते ज्या द्रवात वाढतात त्या माध्यमाचा सामू बिघडला तरी ते मरतात. म्हणून मृत परजीवी पाहून हुरळून जाऊ नये. खरा प्रश्न असा असतो: औषधाला दाद न देणारा परजीवी आणि त्याचाच औषधाने मरणारा भाऊबंद, या दोघांवर हा अर्क सारखाच चालतो का, आणि ज्या मात्रेला तो चालतो त्या मात्रेला माणसाची पेशी जिवंत राहते का? पुढची सगळी मांडणी या एका प्रश्नाभोवती आहे. मुख्य उदाहरण मलेरियाच्या प्लाझमोडियम फाल्सिपेरमचं घेतलं आहे, कारण त्याच्या चाचण्या सर्वांत घोटून तयार झालेल्या आहेत. लीश्मानिया (काळा आजार करणारा परजीवी) आणि कृमींसाठी काय बदलतं ते शेवटाकडे येईल.

आधी परजीवींची जोडी ठरवा

वनस्पतीच्या आधी परजीवी निवडायचा. नुसता प्रतिरोधी (औषधाला दाद न देणारा) वाण घेऊन उपयोग नाही, त्याच्या शेजारी संवेदनशील (औषधाने मरणारा) वाण हवाच. मलेरियासाठी ३डी७ आणि डीडी२ ही रुळलेली जोडी आहे. ३डी७ क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाने मरतो. डीडी२ क्लोरोक्विन आणि पायरिमेथामीन या दोन्हींना दाद देत नाही. क्लोरोक्विनचा प्रतिरोध मुख्यतः पीएफसीआरटी या वाहक प्रथिनातल्या ७६ व्या जागेवरून येतो: तिथे लायसिनऐवजी थ्रिओनिन आलं की परजीवी आपल्या पचनपोकळीतून औषध बाहेर काढू लागतो. आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत केल्च १३ या जनुकातले बदल पाहतात, त्यातला ५८० व्या जागेचा सिस्टिन ते टायरोसिन हा बदल सर्वांत परिचित आहे.

या जोडीत एक खोट आहे, ती माहीत असावी. ३डी७ आणि डीडी२ यांच्यात केवळ त्या एका जनुकाचा फरक नाही, ते मुळातच वेगवेगळ्या कुळांतले आहेत. एखादा अर्क दोघांवर वेगळा चालला, तर त्याचं कारण पीएफसीआरटीच असेल असं म्हणता येत नाही. जनुक-संपादनाने एकच जागा बदललेली जोडी मिळाली तर उत्तम. ती नसेल, तर प्रतिरोधी वाण किमान दोन तरी घ्या.

फ्रीझरमधल्या नळीवर लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवू नका. महिनोन्‌महिने वाढवलेल्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जोपासलेल्या परजीवींत) भेसळ होते. वाण वापरायला घेताना संबंधित जनुकाचा क्रम एकदा वाचून घ्या आणि प्रत्येक प्लेटवर (चाचणीच्या लहान खळग्यांच्या तबकडीवर) मूळ औषधाची ओळ ठेवा. क्लोरोक्विनची आयसी५०, म्हणजे वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा, ३डी७ साठी साधारण १० ते २० नॅनोमोलर आणि डीडी२ साठी १०० ते २०० नॅनोमोलरच्या आसपास येते. तुमच्या प्लेटवर हे अंतर दिसत नसेल, तर त्या दिवशीचे अर्काचे आकडे कितीही सुंदर असले तरी बाजूला ठेवावे लागतात.

वनस्पती: नाव, नमुना आणि परवानगी

वनस्पतीचं लोकभाषेतलं नाव पुरेसं नसतं. एकाच नावाने दोन-तीन वेगळ्या प्रजाती ओळखल्या जातात. फुलं किंवा फळं असलेली फांदी दाबून, वाळवून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा, तिचा क्रमांक मिळवा आणि तज्ज्ञाकडून शास्त्रीय नाव पक्कं करून घ्या. गोळा केल्याची तारीख, ठिकाण, वनस्पतीचा भाग आणि तिची अवस्था टिपून ठेवा. फुलण्याआधीच्या आणि फुलल्यानंतरच्या पानांतली रसायनं सारखी नसतात.

वनस्पती आणि तिच्याविषयीचं ज्ञान ज्यांचं आहे त्यांची संमती आधी घ्यायची. २०१० मध्ये स्वीकारलेला आणि २०१४ पासून लागू असलेला नागोया करार हेच सांगतो: जैविक संपत्तीचा वापर पूर्वसंमतीने व्हावा आणि त्यातून निघालेला लाभ वाटून घेतला जावा. कायदा नसता तरी मी हेच म्हणालो असतो. एखाद्या वैदूने सांगितलेला पाला नेऊन त्याला पुन्हा विचारायचंही नाही, हे मला मान्य नाही. शिवाय तो पाला तो कसा वापरतो हे विचारलंत, तर अर्क काढण्याची अर्धी दिशा तिथेच मिळते. उकळतो, की थंड पाण्यात भिजवतो, की तेलात मुरवतो?

अर्क काढताना हरवणारी गोष्ट

हा प्रश्न किती मोलाचा आहे ते चिनी संशोधक तू योयो यांच्या कामावरून कळतं. त्यांच्या चमूने चिंगहाओ (आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ) ही वनस्पती तपासली तेव्हा निकाल कधी चांगले, कधी वाईट येत होते. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात एक कृती होती: मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळून रस काढा आणि प्या. त्यात उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने गुण जात असावा असं ताडून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं. ऑक्टोबर १९७१ मध्ये त्या अर्काने उंदरांतले मलेरियाचे परजीवी पूर्ण नाहीसे केले. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक. वनस्पती तीच होती, फक्त अर्क काढण्याची रीत बदलली.

म्हणून पाला सावलीत, खेळत्या हवेत वाळवा आणि तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. बुरशी लागलेला पाला सरळ टाकून द्या. बुरशीची विषंही परजीवी मारतात आणि मग श्रेय वनस्पतीला जातं. वाळलेला पाला भरड दळा. १०० ग्रॅम भुकटीला १ लिटर द्रावक या प्रमाणात, अधूनमधून हलवत, ३ दिवस मुरू द्या. दररोज द्रावक गाळून ताजं घातलं तर अर्क जास्त निघतो. क्रम कमी ध्रुवीय द्रावकापासून अधिक ध्रुवीयाकडे ठेवा: आधी हेक्झेन, मग डायक्लोरोमिथेन किंवा इथिल अ‍ॅसिटेट, मग मिथेनॉल, शेवटी पाणी. तोच चोथा पुढच्या द्रावकात जातो. पारंपरिक कृतीप्रमाणे काढलेला एक अर्कही वेगळा ठेवा. सगळं नव्या रीतीने करून मूळ कृतीलाच न तपासणं ही चूक वारंवार होताना दिसते.

द्रावक रोटरी इव्हॅपोरेटरवर कमी दाबाखाली, पाण्याचं तापमान ४० अंशांच्या आत ठेवून उडवा. पाण्याचा अर्क गोठवून वाळवा. मग निर्वात डबीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, कारण उरलेलं डायक्लोरोमिथेन परजीवींना विषारीच असतं. वजन घेऊन उतारा काढा: १०० ग्रॅम भुकटीतून ८ ग्रॅम अर्क निघाला तर उतारा ८ टक्के. थोडा अर्क पातळ थराच्या पट्टीवर चालवून त्याचा ठसा जपून ठेवा. पुढच्या हंगामातला पाला ‘तोच’ आहे का, हे त्या ठशावरूनच सांगता येतं. बाकी अर्क छोट्या कुप्यांत भरून उणे २० अंशांना, अंधारात.

साठा द्रावण आणि प्लेटची मांडणी

अर्क डीएमएसओ या द्रावकामध्ये २० मिलिग्रॅम प्रति मिली या मात्रेला विरघळवा. खाली गाळ उरला तर तो वगळून पुढे जाऊ नका. तसं केलं तर तुमची खरी मात्रा किती, हे तुम्हालाच ठाऊक नसतं. मात्रा कमी करा, गाळ नाहीसा होईपर्यंत. कुप्या लहान ठेवा आणि एक कुपी एकदाच वितळवा.

हा साठा माध्यमात १ ला १०० या प्रमाणात विरळ केला की २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली मिळतात आणि डीएमएसओ १ टक्का असतो. प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर हे द्रावण आणि १०० मायक्रोलिटर परजीवींचं कल्चर घातलं की शेवटी १०० मायक्रोग्रॅम आणि ०.५ टक्के डीएमएसओ उरतो. त्याच्या वर जाऊ नका. पुढची विरळ द्रावणं नुसत्या माध्यमात न करता १ टक्का डीएमएसओ घातलेल्या माध्यमात करा, म्हणजे प्रत्येक वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) डीएमएसओ सारखाच राहील.

अर्क पुष्कळ असतील तर आधी ५० आणि १० मायक्रोग्रॅम अशा दोनच मात्रांवर चाळणी लावा. जे १० मायक्रोग्रॅमला वाढ निम्म्याहून जास्त रोखतात, त्यांच्यासाठीच पूर्ण प्लेट खर्ची घाला. ती मी अशी मांडतो. ९६ वेलच्या प्लेटची कडेची रांग वाफेने सुकते, म्हणून तिच्यात नुसतं पाणी. आत उरतात ६ आडव्या ओळी आणि १० उभे स्तंभ. पहिल्या दोन ओळी अर्क आणि ३डी७, तिसरी क्लोरोक्विन आणि ३डी७. चौथी-पाचवी अर्क आणि डीडी२, सहावी क्लोरोक्विन आणि डीडी२. पहिल्या आठ स्तंभांत मात्रा उतरत जातात: अर्काच्या १०० पासून दरवेळी निम्म्या, क्लोरोक्विनच्या १००० नॅनोमोलरपासून तीनपट विरळ. नवव्या स्तंभात फक्त डीएमएसओ आणि परजीवी, दहाव्यात परजीवी नसलेल्या लाल पेशी. एका प्लेटवर एकच अर्क बसतो हे खरं, पण दोन्ही वाण एकाच दिवशी, एकाच हवेत, एकाच हाताने तपासले जातात आणि तुलना तिथेच होते. कुपीवर वनस्पतीचं नाव न लिहिता दुसऱ्या कुणाकडून क्रमांक टाकून घ्या. आवडत्या वनस्पतीचा आकडा वाचताना डोळा नकळत झुकतो.

७२ तास

ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये हा परजीवी मानवी लाल पेशींत सतत वाढवून दाखवला. आजही पद्धत मुळात तीच आहे: आरपीएमआय १६४० माध्यम, मानवी लाल पेशी, ३७ अंश, आणि ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ९० टक्के नायट्रोजन अशी हवा. मानवी रक्त हाताळताना दुसऱ्या स्तराची जैवसुरक्षा पाळायची, रक्त कितीही तपासलेलं असो.

कल्चरला १० मिनिटं ५ टक्के सॉर्बिटॉल दिलं की मोठे परजीवी फुटतात आणि अंगठीसारख्या दिसणाऱ्या कोवळ्या अवस्थेतले तेवढे राहतात. जिएम्साने रंगवलेल्या स्लाइडवर मोजून ०.५ टक्के पेशी बाधित असतील असं पातळ करा. शेवटी हिमॅटोक्रिट (लाल पेशींचं आकारमानातलं प्रमाण) २ टक्के हवा असेल तर कल्चर ४ टक्क्यांचं बनवा, कारण ते प्लेटमध्ये निम्मं होणार आहे. बाधित पेशींची टक्केवारी मात्र दुप्पट करायची नाही. ते पेशी-पेशींमधलं प्रमाण आहे, माध्यम घातल्याने बदलत नाही. नवखे हात इथे हमखास चुकतात.

७२ तासांनी प्रत्येक वेलमध्ये सायबर ग्रीन (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) मिसळलेलं पेशी फोडणारं द्रावण १०० मायक्रोलिटर घाला, तासभर अंधारात ठेवा आणि ४८५ नॅनोमीटर प्रकाशात, ५३० च्या आसपास चमक मोजा. प्रौढ लाल पेशीत केंद्रक नसतं, म्हणून चमकणारा डीएनए परजीवीचाच. वाढीची टक्केवारी अशी: वेलच्या चमकेतून निव्वळ लाल पेशींची चमक वजा करा, डीएमएसओच्या वेलमधूनही तीच वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागून १०० ने गुणा. आठ बिंदूंवरून वक्र बसवून आयसी५० काढा. हा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या कल्चरवर तीनदा करायचा आणि गुणोत्तरीय सरासरी द्यायची. एकाच प्लेटवरच्या तीन ओळी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

आणखी एक गोष्ट. काही द्रव्यं पहिल्या चक्रात परजीवीला काहीच करत नाहीत, त्याची पुढची पिढी मरते. डॉक्सिसायक्लिन असंच वागतं. पारंपरिक वापर भक्कम असूनही ७२ तासांत काही दिसलं नाही, तर ९६ तासांची चाचणी एकदा करून बघा.

अर्क फसवतात ते कसे

शुद्ध रसायन तपासणाऱ्याला जे प्रश्न पडत नाहीत, ते इथे रोज पडतात. गडद हिरवा अर्क प्रकाश गिळतो आणि चमक कमी दिसते, मग वाटतं परजीवी मेले. हे ओळखायला वाढलेलं, कुणी न मारलेलं कल्चर घ्या, पेशी फोडल्यावर त्यात अर्क मिसळा आणि चमक मोजा. कमी झाली तर दोष रंगाचा. डीएनएत घुसणारी द्रव्यंही सायबर ग्रीनची जागा अडवून तोच भास निर्माण करतात. अशा वेळी परजीवीच्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकरावरची चाचणी घ्या. आणि काही झालं तरी एका संचाच्या स्लाइड डोळ्यांनी पाहाच. आक्रसलेला, काळवंडलेला परजीवी दिसतो की लाल पेशींचेच तुकडे झालेत, हे कोणतंही यंत्र सांगत नाही.

लाल पेशी फुटल्या तर परजीवीचं घरच पडतं. म्हणून बाधा नसलेल्या पेशींवर त्याच मात्रा देऊन सुटलेलं हिमोग्लोबिन मोजा. अर्क घातल्यावर माध्यम पिवळं पडलं तर सामू घसरला आहे. टॅनिनची शंका असेल तर टॅनिन धरून ठेवणाऱ्या पॉलिव्हिनिल पॉलिपायरोलिडोनवरून अर्क गाळून पुन्हा तपासा: गुण गेला, तर तो टॅनिनचा होता.

माणसाची पेशी वाचते का

माणसाच्या यकृतातून आलेल्या हेपजी२ पेशींवर, किंवा निदान माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या व्हेरो पेशींवर, तोच अर्क, तितकेच ७२ तास द्या. परजीवीला ७२ आणि पेशीला २४ तास देऊन केलेली तुलना अर्काला नसलेलं निर्दोषत्व देते. एमटीटी (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात ते रसायन) वापरत असाल तर पेशी नसलेल्या वेलमध्येही अर्क घालून बघा, कारण पुष्कळ अर्क स्वतःच एमटीटीला जांभळं करतात आणि मेलेली पेशी जिवंत भासते.

निम्म्या पेशी मारणारी मात्रा भागिले परजीवीची आयसी५० म्हणजे निवडकता निर्देशांक. अर्कासाठी तो १० च्या वर असावा असा संकेत आहे. चित्रकातलं प्लंबाजिन परजीवी मारतं, पण माणसाच्या पेशीलाही सोडत नाही. अशा द्रव्यांची यादी लांबलचक आहे आणि या टप्प्यावर ती गाळणंच योग्य.

आता सगळे आकडे एकत्र कसे वाचायचे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. अर्काची आयसी५० ३डी७ वर ४ मायक्रोग्रॅम, डीडी२ वर ५. पेशींवरची मात्रा ६०. निवडकता १५ आणि १२. प्रतिरोध निर्देशांक, म्हणजे प्रतिरोधी भागिले संवेदनशील, १.२५. त्याच प्लेटवर क्लोरोक्विन १२ आणि १५० नॅनोमोलर, निर्देशांक १२.५. म्हणजे क्लोरोक्विन जिथे अडखळतं तिथे हा अर्क अडखळत नाही. हेच मला हवं असतं. दुसऱ्या अर्काची आयसी५० ३डी७ वर १ आणि डीडी२ वर ९ आली, तर पहिला आकडा कितीही मोहक असला तरी तो अर्क बहुधा जुन्याच वाटेने जातोय आणि परजीवीला ती वाट बंद करता येते. मी पहिला अर्क पुढे नेईन.

आर्टेमिसिनिनचा प्रतिरोध वेगळा मोजावा लागतो

केल्च १३ बदललेल्या परजीवीची आयसी५० नेहमीच्या ७२ तासांच्या चाचणीत फारशी बदललेली दिसत नाही. तो कोवळ्या अंगठीच्या अवस्थेत औषधाचा मारा सोसून उठतो. म्हणून ० ते ३ तास वयाच्या अंगठ्यांना ७०० नॅनोमोलर डायहायड्रोआर्टेमिसिनिन (आर्टेमिसिनिनपासून बनणारं औषध) ६ तास द्यायचं, धुऊन काढायचं आणि एकूण ७२ तासांनी किती जगले ते डीएमएसओच्या तुलनेत मोजायचं. १ टक्क्याहून जास्त जगले तर वाण प्रतिरोधी. अर्कही याच साच्यात ६ तास देऊन बघा.

आणि आर्टेमिसिया अ‍ॅन्युआचा अर्क इथे उत्तर म्हणून मांडू नका. त्यात तेच आर्टेमिसिनिन असतं, तेही अनिश्चित मात्रेत. या वनस्पतीचा काढा किंवा भुकटी मलेरियावर वापरण्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट नकार दिला आहे. अपुऱ्या मात्रेने प्रतिरोध वाढतो, आणि मधल्या काळात रुग्ण दगावतो. प्रयोगशाळेत चाललेला कोणताही अर्क कुणाला प्यायला देऊ नये, मग ती ओळखीची वनस्पती का असेना.

लीश्मानिया आणि कृमी

लीश्मानियात मोठा सापळा अवस्थेचा आहे. शेपटीवाले प्रोमास्टिगोट वाढवायला सोपे, म्हणून बहुतेक जण त्यांच्यावरच थांबतात. पण रोग करतात ते आपल्या भक्षक पेशींत लपलेले अमास्टिगोट. पंचसंयोगी अँटिमनीचं औषध प्रोमास्टिगोटवर जवळपास निष्प्रभ असतं, ते भक्षक पेशीत त्रिसंयोगी होऊन काम करतं. प्रोमास्टिगोटवर चाळणी लावली असती तर दशकानुदशकं वापरलेलं हे औषध पहिल्याच दिवशी बाद झालं असतं. टीएचपी-१ या भक्षक पेशींसारख्या मानवी पेशींत बाधा करून १०० पेशींमागे अमास्टिगोट मोजा. तुलनेला अँफोटेरिसिन बी हे औषध ठेवा आणि प्रतिरोधी वाणासाठी अँटिमनीची किंवा मिल्टेफोसिनची ओळही घाला.

मेंढ्यांतल्या हिमॉन्कस कृमीचा बेंझिमिडॅझोल गटाच्या कृमिनाशकांना असलेला प्रतिरोध मुख्यतः बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाच्या २०० व्या जागी फेनिलअ‍ॅलानिनऐवजी टायरोसिन आल्याने येतो. चाचणी अंडी उबवण्याची: ताजी अंडी, ४८ तास, २५ ते २७ अंश, मग आयोडिनने थांबवून अंडी आणि अळ्या मोजा. विष्ठा घेतल्यापासून ३ तासांच्या आत सुरुवात करा, नाहीतर गर्भ पुढे सरकतो आणि आकडे बिघडतात. सोबत त्याच गटातलं थायाबेंडॅझोल ठेवा. त्याची निम्मी अंडी रोखणारी मात्रा ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर गेली तर कृमी प्रतिरोधी. टॅनिनची तपासणी इथे तर टाळूच नये.

उंदीर, आणि त्याआधी फ्रॅक्शन

प्राणिप्रयोगाची घाई नको. नैतिक समितीची परवानगी आणि निवडकतेचा भक्कम आकडा हातात असेल तेव्हाच पीटर्सची चार दिवसांची चाचणी करा: प्लाझमोडियम बर्घाईने (उंदरांत मलेरिया करणाऱ्या परजीवीने) बाधित १ कोटी पेशी उंदराला टोचायच्या, त्याच दिवसापासून ४ दिवस अर्क द्यायचा, पाचव्या दिवशी रक्ताची स्लाइड. प्लेटमध्ये चमकलेले कित्येक अर्क इथे काहीच करत नाहीत, कारण आतड्यातून ते रक्तात पोचतच नाहीत.

त्याआधी अर्काचे स्तंभावर, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून, भाग (फ्रॅक्शन) पाडा आणि प्रत्येक भाग त्याच दोन वाणांवर तपासा. गुणकारी भाग एलसी-एमएसवर (द्रव्यं वेगळी करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) चालवून आधीच ज्ञात असलेली द्रव्यं ओळखून घ्या, म्हणजे जुनंच रसायन नव्याने शोधण्यात वर्ष जात नाही. कधीकधी भाग पाडल्यावर गुण कुठेच सापडत नाही. तेव्हा अर्क बाद करण्याआधी सगळे भाग मूळ प्रमाणात पुन्हा मिसळा आणि तपासा. गुण परतला, तर दोन द्रव्यं मिळून काम करत आहेत: आता भाग दोन-दोन एकत्र करून ती जोडी शोधायची. परतला नाही, तर ते द्रव्य स्तंभावर अडकलं आहे किंवा मोडलं आहे, आणि पुढच्या वेळी सिलिकाऐवजी वेगळं भरण घ्यायचं.